कोऱ्या कोपऱ्यातला डोंगर

"डोंगर? डोंगर काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ! शनिवारी संध्याकाळी नकाशा तुमच्या हातात!" नकाशेने फोनवर ठणकावून सांगितलं.

नकाशे हे त्याचं आडनाव नव्हे. अद्भुत कादंबऱ्यांमधल्या, पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नसलेल्या राज्यांचे नकाशे रंगवायचे हा त्याचा धंदा; म्हणून मित्रांनी ठेवलेलं नाव. लेखक मंडळी कागदावर हाताने नद्या, गावं, किल्ले काढून पाठवत. तो कागद स्कॅन करायचा, कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि डिजिटल पेनाने त्यावर डोंगर-दऱ्या उभ्या करायच्या. एक बाजू उजेडाची, एक सावलीची, वर चिमूटभर बर्फ भुरभुरलं, की झाला डोंगर!

फोनवर होत्या लेखिकाबाई. सत्तरी ओलांडलेली, आणि आवाज असा, की कोरड्या विहिरीच्या तळातून कुणीतरी बोलतंय.

"फक्त एक करा," त्या म्हणाल्या. "वायव्येचा कोपरा कोरा ठेवा. तिकडे गेलेलं माणूस परत येत नाही."

"कादंबरीत ना?" नकाशेने हसत विचारलं.

बाई हसल्या नाहीत. "शनिवारी. छापखाना थांबणार नाही," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नकाशेची बायको नर्स. सकाळी सातला ड्यूटीवर गेली की संध्याकाळीच घरी. दिवसभर घरात नकाशे आणि डोळ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला आलेले सासरे. सासऱ्यांची चाळीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात गेलेली, त्यामुळे बोलणंही मोजून मापून. ते बाहेरच्या खोलीत, हा आतल्या. दिवसाकाठी दोघांत चार वाक्यं व्हायची. त्यातली दोन "चहा घेणार?" आणि दोन "हं."

सोमवारी नकाशेने झपाट्याने डोंगरांची अख्खी रांग उठवली. मंगळवारी दुपारी जेवून परत आला, तर कोऱ्या कोपऱ्यात एक डोंगर! लहानसाच. म्हाताऱ्याच्या नाकासारखा किंचित वाकडा.

'हात लागला असेल,' म्हणत त्याने पुसून टाकला.

बुधवारी डोंगर परत हजर. आणि वाढलेला! नकाशेने पडद्याला नाक लावून पाहिलं. त्याच्या सगळ्या डोंगरांच्या सावल्या डावीकडे पडत होत्या. याची एकट्याची उजवीकडे. म्हणजे या डोंगराचा सूर्यच वेगळा होता!

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. तिने शांतपणे चप्पल काढली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "दुपारी झोपेत काढतोस तू."

"मी दुपारी झोपत नाही!"

"काल तुझ्या गालावर पेनाचा वळ होता."

नकाशेने डोंगर पुन्हा पुसला आणि न राहवून लेखिकाबाईंना फोन लावला. सगळं ऐकून बाई हळूच म्हणाल्या, "पायवाट आहे का?"

"नाही."

"लक्ष ठेवा."

गुरुवारी दुपारी डोंगर होता आणि पायवाट होती! शिखरावरून निघालेली, बारीक, नागमोडी, तुटक तुटक. नकाशेने हातातला कप तसाच खाली ठेवला. त्याने फोन उचलला.

"कुठपर्यंत आली?" बाईंनी नमस्कारसुद्धा न करता विचारलं.

"ना... नदीपर्यंत."

"वर जाते, की खाली येते?"

"अहो, पायवाटेला तोंड असतं का!"

"नीट बघा. असतं," बाई म्हणाल्या. पलीकडे काहीतरी खरखरत होतं. नकाशेला वाटलं, कुणीतरी नखाने भिंत ओरखडतंय!

शुक्रवारी त्याने पुराव्यानिशी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. सकाळचे अकरा. लख्ख ऊन. शेजारी कुणीतरी सतरंजी झोडपतंय. भुताने यावं अशी ही वेळच नव्हे! पेन खणात टाकलं, खणाला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो पडद्यासमोर बसला.

पाच मिनिटं काही नाही. मग पडद्याने डोळा मिचकावल्यासारखं केलं. पायवाट बोटभर पुढे!

पुन्हा पडदा मिचकला. नदीवर पूल.

पुन्हा. पायवाटेवर एक ठिपका. ठिपक्याला दोन पाय. हातात काठी. आणि तोंड इकडे!

पुन्हा. ठिपका पूल ओलांडून अलीकडे.

नकाशेने खुर्चीवरचा टॉवेल पडद्यावर फेकला आणि अनवाणी बाहेरच्या खोलीकडे धूम ठोकली. "बाबा! बाबा, तो येतोय!"

"जरा थांबा, जावईबापू," सासरे मान वर न करता म्हणाले. "पुलाचा कठडा राहिलाय."

त्यांच्या एका हातात भिंग होतं. मांडीवर नकाशेचाच जुना टॅब. आणि काचेवर त्यांचं सुरकुतलेलं बोट मुंगीच्या चालीने सरकत होतं.

वर्तमानपत्र मोठ्या अक्षरात वाचता यावं म्हणून लेकीने त्यांना तो टॅब दिला होता. त्यात नकाशेचं खातं तसंच उघडं राहिलेलं. इकडे फाइल बदलली की तिकडे बदलायची, आणि तिकडे बदलली की इकडे!

"मला वाटलं, तुम्ही तपासायला ठेवलाय," सासरे म्हणाले. "एवढ्या चुका असलेला नकाशा माणूस सासऱ्यापुढे उगाच कशाला ठेवील?"

"अहो, मग विचारायचं तरी!"

"मी काढायचो, तुम्ही पुसायचात. म्हटलं, जावई मानी आहे. बोलून दुखवायचं नाही. पुन्हा काढायचा."

"पण तो कोपरा कोरा ठेवायचा होता, बाबा!"

"नदी त्या कोपऱ्यातून येते. डोंगर नसेल तर पाणी काय नळाने येतं? आणि नकाशात उजेड नेहमी वायव्येकडून. सगळे डोंगर उलटे उजळलेत तुम्ही!"

नकाशेने टॅबवरच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. "आणि हा माणूस?"

सासऱ्यांचं बोट थांबलं. बाहेर सतरंजी झोडपण्याचा आवाजही नेमका तेव्हाच बंद झाला.

"साखळीवाला," ते म्हणाले. "मोजणीची साखळी धरायचा आमची. असाच एक डोंगर होता, वाकडा. धुकं उतरलं, आम्ही सगळे खाली आलो आणि तो वर राहिला. आठ दिवस हाका मारल्या. डोंगर फक्त आमचाच आवाज परत द्यायचा." त्यांनी भिंगाची काच सदऱ्याला पुसली. "बायको वेशीवर उभी राहायची त्याची. म्हटलं, हा तरी पोचू दे."

इतकी वाक्यं सासऱ्यांनी महिन्याभरात मिळून बोलली नव्हती. नकाशेने एक बोट फिरवलं की कोपरा पुन्हा कोरा झाला असता. पण ते बोट काही उचलवेना. तो उठला, आणि त्याने फोन लावला.

"बाई, कोपरा कोरा ठेवता येणार नाही," तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं. नकाशा नाकारा, दुसऱ्या कुणाला द्या, पण तो माणूस मी पुसणार नाही, हेही.

पलीकडे तीच खरखर.

"कुठवर आलाय तो?"

"वेशीजवळ."

"मग पोचवा की लवकर! तीन दिवस तुमच्या फोनवर माझी कादंबरी चाललीय. शेवटचं प्रकरण वर्षभर अडलं होतं. पायवाटेचं मी आपलं सहज विचारलं, आणि तुम्ही काढूनच दाखवलीत!"

"म्हणजे ती खरखर..."

"पेन्सिल हो. तुम्ही घाबरता फार छान. लिहून घेत होते."

शनिवारी सकाळपासून सासरे-जावई एकाच पडद्यासमोर बसले. वेशीवर एक बाई उभी राहिली. ठिपका तिच्यापाशी पोचला. सासऱ्यांनी नाक शिंकरलं आणि लगेच हुकूम सोडला, "आता सूर्य हलवा!" एकशे त्रेचाळीस डोंगरांच्या सावल्या नकाशेने डावीकडून उजवीकडे नेल्या. मनगट वांग्यासारखं सुजलं, पण नकाशा वेळेत गेला.

दोन महिन्यांनी पुस्तक आलं. बायकोने चहा पिता पिता मधलंच पान उघडलं आणि तिला ठसका लागला. कादंबरीत राजाचा एक नवा नकाशेकार होता. डोंगर काढायचा आणि स्वतःच त्यांना भ्यायचा.

"योगायोग!" नकाशे ताठ मानेने म्हणाला. "लेखकांना सुचतं असं काहीही."

"दुपारी झोपतोही," बायको म्हणाली.

त्याने पुस्तक ओढून घेतलं. आतून एक चिठ्ठी पडली. लेखिकाबाईंचंच अक्षर! कौतुक असणार म्हणून त्याने ती मोठ्याने वाचायला घेतली:

"नकाशा सर्वांना फार आवडला. नव्या कादंबरीत समुद्र आहे. खोली किती ठेवायची, ते सासऱ्यांना विचारून कळवा."