काकांची सासरवाडी

माझे किसनकाका रुईच्या झाडाचे नवरे होते. हे मी गमतीनं लिहीत नाही. हळद लागली, अंतरपाट धरला, अक्षता पडल्या आणि गावानं पंगतीत बसून बुंदी खाल्ली.

आमच्याकडे तिसरी बायको जगत नाही असं मानतात. काकांची पहिली तापानं गेली, दुसरी बाळंतपणात. म्हणून तिसरं लग्न रुईशी लावायचं आणि लगेच रुई तोडून टाकायची. म्हणजे तिसरी मेली, नवरदेव चौथीला मोकळा. चौथी केनवडची होती, तिचं लुगडंही घेऊन झालं होतं. मी आईचा पदर धरून उभी होते. बाबांनी, म्हणजे काकांच्या थोरल्या भावानं, कुऱ्हाड उचलली, तसे काका बाशिंगासकट रुईपुढे आडवे झाले.

“आत्ता अक्षदा टाकल्या न् आत्ताच मारून राह्यले? काहून? काय गुन्हा केला तिनं?”

“किसना, रीत हाय ते!”

“असन रीत. माह्यी बायको हाय ते.”

केनवडच्या मुलीला पुढं मेडशीचं चांगलं स्थळ मिळालं. लुगडं आईनं नेसलं.

ती रुई आमच्या बरडीच्या पायथ्याशी होती. बरडी म्हणजे आमच्या मालकीची खडकाळ टेकडी. पूर्वी तिथं रान होतं म्हणे. सरपण तोडून आणि बकऱ्या चारून तिचा नुसता गोटा राहिला होता. काकांनी जाहीर केलं, की रुई जिथं जन्मली ते तिचं माहेर, म्हणजे आपली सासरवाडी. माथ्यावर एक म्हातारा मोह उरला होता, तो सासरा. सागाची पोरं दिसतील तेवढे मेहुणे. सासरचं घर वाढलं पाहिजे म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी ते धोतराच्या सोग्यात बेहड्याच्या, चारोळीच्या, सागाच्या बिया नेऊन पेरत. दिवाळीला जावई म्हणून धुतलेलं धोतर नेसून बरडीवर जात. लाडू मात्र घरून नेत, आणि येऊन आईजवळ तक्रार करत, “वयनी, सासरच्याईनं पान्याचंबी नाई इचारलं.” उन्हाळ्यात पंचा भरून टेंभुर्णीची फळं, टेंभरं आणत. तो सासरचा वानवळा.

बाया सरपणाला गेल्या की काका वाटेत उभे. “खाली पडलं ते तुमचं. उभ्या मानसाले हात लावू नोका.”

“जावईबापू, बायको बोलते का तुमची?”

“तुमच्यापेक्षा कमी. म्हनून तं संसार टिकला.”

गणपत बकऱ्या घेऊन आला, की त्याला ऐकावं लागे, “तुह्या बकरीनं माह्या मेव्हन्याचं तोंड खाल्लं बे! आता त्याले पोरगी कोन देईन?” गणपत बिचारा खरंच ओशाळायचा आणि बकऱ्या दुसरीकडे हाकायचा.

मी चौथी इयत्ता होऊन घरी बसले, त्यानंतर दोनचार वर्षांत बरडी इतकी दाटली, की आत शिरलेला माणूस दिसेनासा झाला. मोर ओरडू लागले. खालची आमची विहीर उन्हाळ्यात आटेनाशी झाली. त्याचं श्रेय बाबा गावदेवीला देत.

मग दुसरं महायुद्ध आलं. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशावर चालू लागल्या आणि वाशीमहून कोळशाचा ठेकेदार बरडी पाहायला आला. माझं लग्न ठरत होतं. बाबांनी उभं रान विकायचं मनावर घेतलं.

“पाहुणे, जोडे काढा,” काका म्हणाले. “सासरे बसले हायत.”

ठेकेदारानं जोडे काढले. पायाला गोखरू टोचल्यावर परत घातले आणि बाबांना हळूच विचारलं, “हे येडे हायत काय?”

“नाई. भाऊ हाय माह्या,” बाबा म्हणाले.

होळी झाली की तोडणी, असं ठरलं. त्या संध्याकाळी काका जेवता जेवता म्हणाले, “पोरीच्या लग्नासाठी माह्यं अख्खं सासर जाळता, दादा?”

बाबा ताटावरून उठले. कुऱ्हाड घेऊन गेले ते रुई जमिनीलगत तोडूनच परतले. पात्यावर पांढरा चीक होता.

“बायको मेली तुह्यी. सोयरीक मिटली. आंघोय कर.”

रुईला बायको मानायचं हा काकांचाच कायदा होता. ते उठले, विहिरीवर गेले आणि खरोखर डोक्यावरून आंघोळ करून आले. त्या दिवशी घरात कोणी हसलं नाही. बायांनीही त्यांना जावईबापू म्हणणं सोडलं. काका रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन बरडीकडे जात आणि रिकामा तांब्या घेऊन येत.

होळी झाली. तोडणीचा दिवस उजाडला. काका धावत घरी आले आणि मला म्हणाले, “बाई, चाल.” मी कधी अशी चारचौघांतून धावले नव्हते, त्या दिवशी धावले. मागून बाबा आणि तोडणारे येतच होते.

रुईच्या बुंध्याला फूट आली होती. जाड, लव असलेली, पांढुरकी दोन पानं. काका उकिडवे बसले आणि ऊन लागू नये म्हणून त्यांनी वर तळहात धरला.

“पाह्य व बाई, वापस आली,” ते म्हणाले. मग पानांशीच बोलल्यासारखं म्हणाले, “त्या दोघीचीबी म्या अशीच वाट पाह्यली होती. लय दिवस. त्याइतली येकबी नाई आली.”

बाबा आमच्या मागं येऊन उभे होते. ठेकेदाराच्या रिकाम्या गाड्या वाटेच्या वळणावर दिसायला लागल्या, तसे ते झपाझप चालत आडवे गेले.

“पाहुणे, गाड्या वळवा. आमची सोयरीक मोडली नाई.”

“अन् पोरीचं लगन?”

“होईन. साधं होईन.”

गाड्या वळून दिसेनाशा झाल्या तरी बाबा आमच्याकडे पाठ करून तिथंच उभे होते.