खालची ढोरं

आमच्या गल्लीत उकळतं पाणी मातीवर ओतायची सोय नाही. एकदा मी शेंगा उकडल्या आणि पातेलं घेऊन मागच्या दारी गेले. पाणी कलंडवणार तोच कुंपणापलीकडून हाक आली.

"थांब व पोरी! थंडं होऊ दे! खाले मन्हा ढोरे शेतस, मरी जातीन ना!"

मी दचकून पातेलं तसंच धरून उभी राहिले. माझ्या हाताला चटके बसत होते, त्याबद्दल त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. कुंपणाच्या फटीतून ते आत आले, काही वेळाने पाण्यात करंगळी बुडवून पाहिली आणि म्हणाले, "आते टाक."

हे आमचे आबा, माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. म्हसावदच्या बाजूला त्यांची केळी, पपई आणि उसाची शेती आहे. कधीतरी ते शेतीच्या एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथे कुणीतरी सांगितलं की वावरावर चरणाऱ्या जनावरांपेक्षा वावराखाली राहणाऱ्या जिवांचं वजन जास्त भरतं. गांडुळं, बुरशी, डोळ्यांना न दिसणारे जंतू, सगळे मिळून. बाकीचे लोक जेवण करून घरी आले. आबा मात्र जास्तीच्या ढोरांचे मालक होऊन परतले.

पशुगणनेचा माणूस दारात आला तेव्हा आबांनी त्याला विचारलं, "वरली सांगू का खालली?" त्याने दोन बैल आणि एक म्हैस लिहून घेतली आणि पाणी न पिताच निघून गेला.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात अहिराणी कळते, पण बोलताना माझी जीभ अडखळते, म्हणून मी बहुतेक वेळा गप्प असते. आबांनी त्याचा अर्थ असा घेतला की ही पोरगी ऐकते. शहाद्याच्या बँकेतून मी परत येते तेव्हा ते ओट्यावर असतात, आणि माझी चप्पल काढून होण्याआधी त्यांचं सुरू होतं.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं. "जित्तं शे तवलग धरी ठेवस, मरनं की सोडी देस." जिवंत असेपर्यंत प्रत्येक जीव नत्र, स्फुरद, पालाश आपल्या अंगात धरून ठेवतो. म्हणून ते पावसात वाहून जात नाही. तो मेला की ते मोकळं होतं आणि पिकाच्या मुळांना मिळतं. हेच मी कॉलेजात इंग्रजीत पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरले होते. आबांकडून ऐकल्यावर पहिल्यांदा मला ते खरं वाटलं.

या शास्त्राने सुनीलकाकांची पपई मात्र पिवळी पडली होती. सुनीलकाका म्हणजे आबांचा मुलगा. आबांच्या हट्टामुळे त्यांनी गव्हाचा भुसा आणि कपाशीच्या बारीक केलेल्या पऱ्हाट्या न जाळता मातीत गाडल्या आणि लगेच पपई लावली. रोपं फिकुटली. काका एक पान तोडून घेऊन आले आणि ओट्यावर आपटलं.

"आबा, हाई काय शे?"

आबांचा चेहरा उजळला. "ढोरे जेवाले बठनात! सुका चारा भेटना, मंग त्यासनी मातीमधलं समदं नत्र वढी लिनं. थांब जरासा. त्या मरतीन तवय तुले देतीन."

"आनि तवलग मी काय खाऊ? तुमना ढोरे?"

त्यावर आबा खरोखर विचारात पडले. मग त्यांनी आपल्या केळीसाठी कुजवलेलं सगळं शेणखत मुलाच्या पपईला घातलं. चूक झाली असं ते म्हणाले नाहीत. "ढोरेसले भूक जास्त व्हती," एवढंच म्हणाले.

आग हा त्यांचा जन्माचा वैरी. दूर कुणी उसाचं पाचट पेटवलं की ते धुराकडे बोट करून उभे राहतात, जणू घरचं माणूस एसटीत बसून निघालंय. "चालनं देख! समदं नत्र चालनं!"

पण हा हिशेब ते माणसांनाही लावायचे. लग्नाच्या पंगतीत जाडजूड व्याही समोर बसला की माझ्या कानात म्हणायचे, "यामा नत्र भरपूर शे." आणि एकदा भर पंगतीतच त्यांनी जाहीर केलं की आपल्याला आणि जिजीला मेल्यावर जाळायचं नाही. बांधावरच्या आंब्याखाली दोघांना पुरायचं.

जिजी म्हणजे त्यांची बायको. उंचीने आबांच्या खांद्याला लागायची, आवाज मात्र दोन गल्ल्या ओलांडायचा. तिने वाढता वाढता वरणाची बादली खाली ठेवली.

"तुमना नत्रले लागो आग! माले प्रकाशाले लई जाज्यात. चार लोकेसनागत जाळज्यात आनि तापीमा सोडज्यात." प्रकाशा हे तापीकाठचं आमच्याकडचं तीर्थ.

"अव, आंबा कितला गोड व्हई!"

"सारी जिंदगी तुमना वावरमा गई. आते मरीसनबी तठेच राबू का?"

पंगत हसली. आबाही हसले, पण हट्ट सोडला नाही. पुढे कितीतरी वर्षं हे भांडण चहाबरोबर चालायचं. ते "आंबा" म्हणायचे, ती "तापी" म्हणायची, आणि मी बशीत बघत बसायचे. दोघांपैकी कुणीच गंमत करत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या हिवाळ्यात जिजी गेली. दोन दिवसांचा ताप आला आणि संपलं. अंगणात भाऊबंद जमले, आणि सगळ्यांच्या मनात रडण्याइतकीच दुसरी काळजी होती. आता हा म्हातारा आंब्याचं काढणार. सुनीलकाका त्यांना समजवायला दोन माणसं घेऊन गोठ्यामागे गेले, तर आबा तिथे वाळलेली लाकडं निवडत होते. ओलं, किडलेलं बाजूला टाकत होते.

"ट्रॅक्टर लाव," ते म्हणाले. "प्रकाशाले नेनं शे."

तिसऱ्या दिवशी राख सावडायला आबांना आणि सुनीलकाकांना मीच गाडीने नेलं. बंधाऱ्यामुळे नदी काठोकाठ भरली होती. राख पाण्यात सोडताना सुनीलकाकांनी मूठभर बाजूला ठेवली. वडिलांना बरं वाटावं म्हणून.

"आबा, इतली आंबानाखाल टाकूत. कोनले समजाव नही."

आबांनी त्यांची मूठ उघडली आणि ती राखही नदीत सोडली.

"नको रे. वावरनं काम सरनं तिनं."

मग ते पायरीवर बसून हात धुऊ लागले. आधी तळवे, मग बोटांची पेरं, मग एकेक नख. बराच वेळ धूत होते. शेवटी दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"देख व पोरी, काही ऱ्हायनं का?"

मी वाकून पाहिलं. नखांच्या कडांना काळी माती होती, वर्षानुवर्षांची, कुठल्याही पाण्याने न जाणारी. राख नव्हती.

"काहीच नही, आबा," मी म्हटलं. माझी जीभ अडखळली नाही.

त्यांनी मान हलवली, आणि हात धोतराला न पुसता तसेच ओले घेऊन गाडीत येऊन बसले.