चोपन्नावं शिखर

कोलोरॅडोतली चौदा हजार फुटांवरची चोपन्न शिखरं डेलबर्टच्या यादीत होती. त्रेपन्न शिखरांवर उभं राहून त्याने फोटो काढून घेतले होते. आज वुडलॉक पीक सर केलं की यादी संपणार होती. "डोंगर पायांनी नाही, नजरेने चढायचा असतो," असं तो आठवडाभर गावात सांगत फिरला. बायको आर्डिथ मात्र जन्मात पहिल्यांदाच एवढं उंच चढणार होती. तिची गोगलगायीची चाल ओळखून त्याने तिला पहाटेच, दीड तास आधी पुढे धाडलं.

मागून तो, मेहुणा रस्टी आणि चार मित्र निघाले. वर धुकं असं दाटलं होतं की स्वतःचे बूटही दिसेनात. डेलबर्टच्या छातीचा भाता झाला, गुडघ्यांनी तक्रार केली, पण गडी हटला नाही. अखेर चढ संपला. "पोचलो," त्याने जाहीर केलं.

आर्डिथ कुठेच दिसेना. रस्टीने धुक्यात तिच्या नावाने दोन-तीन हाका मारल्या. डेलबर्टने त्याची काळजी उडवून लावली. बसली असेल वाटेत दमून, धुक्यात आपण तिला ओलांडून आलो, उतरताना घेऊन जाऊ. मग शेवटच्या शिखराच्या रीतीप्रमाणे मित्रांनी काठ्यांची कमान धरली आणि तो तिच्याखालून राजासारखा चालत गेला. '५४' लिहिलेला पुठ्ठा हातात धरून फोटो झाला. केक फस्त झाला. डेलबर्टचे डोळे खरोखरच भरून आले. बावीस वर्षांची पायपीट होती ती!

तेवढ्यात वारा सुटला आणि धुकं फाटलं. समोर, खिंडीच्या पलीकडे, आणखी तीनशे फूट उंच वुडलॉक पीक उभं होतं. टोकावर लाल टोपी घातलेलं कुणीतरी बसून निवांत हात हलवत होतं.

"ती माझ्या बहिणीची टोपी आहे," रस्टी म्हणाला.

दुपारी विजा कडाडायच्या आत खाली उतरायचं, हा इथला नियम. साडेनऊ वाजले होते. केकने जड झालेले मित्र आणि रस्टी तिथेच थांबले आणि डेलबर्ट एकटाच निघाला. तासाभराने, शेवटचा टप्पा तर हातापायांवर रांगत, तो वर पोचला. इथे ना कमान होती, ना केक. पण चारी बाजूंना पसरलेल्या रांगा पाहिल्या आणि कष्टाचं चीज झालं असं त्याला वाटलं. छाती पुन्हा फुगली.

"तुझं पहिलं, माझं चोपन्नावं," तो म्हणाला. "यादी संपली बघ."

आर्डिथने अर्धं सँडविच त्याच्या हातात ठेवलं. "बरं झालं. पण मला एक सांग, घरी भिंतीवर तुझे फोटो आहेत ना, त्यातल्या किती फोटोंत तुझ्यामागे नुसतं पांढरंच दिसतं?"

डेलबर्टने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोन्ही हातांची बोटं संपली, तेव्हा त्याने गुपचूप बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.