खांबेट्यांचं घट्ट पिस्तूल

पिस्तूल घरी नेऊन जरा सैल करून आणावं, असं मुरलीधर खांबेट्यांनी ठरवलं आणि तिथेच सगळं चुकलं.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. खांबेटे राहायला अजमानला आणि नोकरीला दुबईत, एका शिपिंग कंपनीत. जाता-येता तीन तास गाडीतच जायचे. घरी पोचेपर्यंत अंगात फक्त जेवण्यापुरतं त्राण उरायचं. तरीही मराठी मंडळाच्या नाटकात त्यांनी इन्स्पेक्टरचं काम घेतलं. (घेतलं म्हणजे दिग्दर्शक प्रल्हादने मिशा बघून दिलं. नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते.)

पिस्तूल खेळण्यातलं, पण धातूचं, तळहातात मावणारं. शेवटच्या प्रवेशात त्याचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून सोडायची. खट् आवाज झाला की खुनी हादरणार. पण आतली स्प्रिंग इतकी कडक की तालमीत खांबेटे दात-ओठ खाऊन ओढायचे, चेहरा लालबुंद व्हायचा आणि स्लाइड जागची हलायची नाही.

"खांबेटे, इन्स्पेक्टरला बद्धकोष्ठ झाल्यासारखं वाटतंय हो," प्रल्हाद म्हणाला.

म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, पिस्तूल जेवणाच्या टेबलावर आलं. दहा वर्षांच्या केयाने खोका वाचला. "बाबा, इट सेज एजेस एट अँड अबव्ह."

"पंचेचाळिशीच्या वरचं काही लिहिलंय का बघ."

पहिला उपाय खोबरेल तेलाचा. त्याने स्लाइड सैल झाली नाही, बोटं मात्र झाली. पिस्तूल सटकून थेट भिजवलेल्या साबुदाण्यात पडलं.

"अहो, आज माझा उपास आहे," कुंदा शांतपणे म्हणाली. (ओरडली असती तर बरं वाटलं असतं.)

दुसरा उपाय म्हणजे स्प्रिंगचे दोन वेढे कापायचे. खांबेट्यांनी स्क्रू काढला, टण्णकन आवाज झाला आणि स्प्रिंग बाल्कनीतून तीन मजले खाली पार्किंगमध्ये गेली.

नवरा-बायको खाली येऊन गाड्यांखाली वाकून शोधू लागले. बिल्डिंगचा वॉचमन मुनीर धावत आला. "क्या गिरा, साहब?"

डोक्यावर ऊन, कंबर धरलेली. खांबेट्यांना तपशिलात शिरण्याचा जीव नव्हता. "पिस्तौल का स्प्रिंग."

मुनीर दोन पावलं मागे सरकला. "साहब, पिछले हफ्ते पानी नहीं आया, वो टंकी की गलती थी. मेरी नहीं."

"अरे भैया, ड्रामा का पिस्तौल है!" कुंदा म्हणाली.

"ड्रामा तो होगा ही, मेमसाब. पुलिस आएगी ना!"

पोलीस म्हटल्यावर खांबेट्यांना व्हिसा, बॉस, केयाची शाळा आणि परतीचं विमान असं सगळं एकदम दिसलं. ते पुन्हा गाडीखाली वाकले. तेव्हा कुंदानेच वर बघून हाक मारली, "केया! पिस्तूल घेऊन खाली ये!"

मुनीर पिकअपच्या मागे जाऊन बसला.

केया आली. तिच्या हातातल्या तेलकट पिस्तुलाला साबुदाणे चिकटले होते. मुनीरने डोकं बाहेर काढलं. "खिलौना?"

"ऑब्व्हियसली," केया म्हणाली.

मुनीर उठला. स्प्रिंग त्याच्याच पायाशी, पिकअपच्या चाकाजवळ पडली होती. त्याने ती पुसली, बसवली, खांबेट्यांच्या खिशातला स्क्रू लावला आणि एका झटक्यात खट्! (गावाकडे तो बँकेबाहेर खरी बंदूक घेऊन उभा राहायचा.)

"साहब, खींचने का नहीं. ऊपरवाला हिस्सा कस के पकड़ो, बस. और नीचेवाला हाथ आगे धकेलो. पूरे बदन का ज़ोर आता है."

खांबेट्यांनी स्लाइड मुठीत धरली आणि उजवा हात पुढे ढकलला. खट्! पुन्हा ढकलला. पुन्हा खट्! तीन आठवडे ते उगाचच बोटं सोलून घेत होते.

"बरणीचं घट्ट झाकण मी अशीच उघडते," कुंदा म्हणाली. "एक हात स्थिर, दुसऱ्याने जोर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कुठे?"

पुढचे पंधरा दिवस घरात नुसतं खट्-खट्. ऑफिसातून दमून आले तरी शंभर वेळा केल्याशिवाय खांबेटे पाठ टेकायचे नाहीत.

प्रयोगाला हॉल भरला होता. शेवटचा प्रवेश आला. खांबेटे पाय फाकवून उभे राहिले, स्लाइड मुठीत धरली, हात ढकलला.

खट्!

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. हॉलमध्ये चिडीचूप शांतता. आपल्यासाठी एवढी माणसं गप्प बसलेली खांबेट्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ते ती शांतता डोळे मिटून चाखत राहिले. मग लक्षात आलं, ती जरा जास्तच लांबली आहे. ह्यानंतर आपलं काहीतरी वाक्य आहे. मोठं आहे. कोणतं, ते मात्र आठवेना. विंगेत प्रल्हाद ओठ हलवत होता, हातवारे करत होता, शेवटी त्याने कपाळाला हात लावला.

खुन्याच्या भूमिकेतल्या रामचंद्र चौबळने बराच वेळ वाट पाहिली. मग तो हळूच पुढे आला आणि अदबीने म्हणाला,

"साहेब, तुम्ही फार दमलेले दिसताय. चौकीत मी एकटाच जातो."

आणि गेला.