ग्राफीन काही निवेना

दुपारचे सव्वादोन वाजले तरी ग्राफीन थंड व्हायचं नाव घेत नव्हतं, आणि चारच्या ठोक्याला लेझर शेजारच्या गटाकडे जाणार होता. तोही चार महिन्यांसाठी. प्रबंधातला एकच आलेख उरला होता, त्यामुळे संशोधक मुलगी पडद्याकडे डोळे वटारून बघत होती. निदान धाकानं तरी तापमानाची रेघ खाली उतरेल!

तसा प्रयोग सरळ होता. कार्बनचा एका अणूएवढा पातळ पापुद्रा, म्हणजे ग्राफीन, काचेवर अंथरायचा आणि त्याला लेझरची टिचकी मारायची. टिचकीसरशी इलेक्ट्रॉन तापतात, आपला ताप अणूंच्या जाळीवर ढकलतात. जाळी थरथरते आणि तो ताप खालच्या काचेला देऊन मोकळी होते. पण आज जाळी स्वतःच फणफणली होती. इलेक्ट्रॉनांनी दिलेलं ती साभार परत करत होती.

खोलीतही हाच कारभार होता. मार्गदर्शक सर मुलीवर तापले. मुलगी स्क्रूकाकांवर, म्हणजे तंत्रज्ञांवर, तापली. काकांनी राग एसीवर काढला आणि तो सोळावर नेला. गारठ्यानं आरसे केसभर सरकले, किरण भरकटला आणि सर पुन्हा तापले. एवढा ताप फिरत होता, पण बाहेर कणभरही जात नव्हता, कारण दार बंद होतं आणि त्यावर पाटी होती: 'आत येऊ नये.'

पाटी नीट वाचून मुलीचे बाबा आत आले.

"डबा विसरलीस," ते म्हणाले. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं आणि बाबा फ्रिज दुरुस्तीतून निवृत्त झालेले होते, म्हणजे पायांना वेळच वेळ.

"बाबा, आत्ता नको! आधी चष्मा लावा, डोळे जातील!"

लेझरचा जाडजूड चष्मा लावून बाबा स्टुलावर बसले, आणि पंधरा मिनिटांत तिघांनीही आपापला ताप त्यांच्यावर उतरवला. सर म्हणाले, हल्लीच्या मुलांना धीर नाही. मुलगी म्हणाली, सरांना धीर नाही. काका म्हणाले, "माझा पाना न विचारता नेतात हो!" बाबा सगळ्यांना "असं, असं" म्हणत राहिले. त्यांची नजर मात्र पडद्यावर पापुद्र्याचं मोठं करून दाखवलेलं चित्र होतं, तिथे होती.

"लेझर कुठे पडतो?"

"इथे, या गोल टिकलीवर," मुलगी म्हणाली. वहीत त्या टिकलीचं नाव 'सरांची जागा' असं होतं. अख्ख्या पापुद्र्यातली सगळ्यात देखणी जागा म्हणून सरांनी ती स्वतः निवडली होती, आणि आठवडाभर कुणाची तिथून हलायची छाती झाली नव्हती.

"देखणी आहे खरी. पण हा फुगा आहे."

"फुगा?" सरांचा आवाज चढला.

"खाली हवा अडकलीय. चाळीस वर्षं फ्रिज उघडलेत, साहेब. जे खाली टेकत नाही, ते निवत नाही."

मग स्क्रूकाका हळूच म्हणाले, "मला सोमवारीच दिसला होता."

"मग बोलला का नाहीत, काका?"

"पाना परत आला की बोलणार होतो."

मुलीनं मुकाट्यानं ड्रॉवरमधून पाना काढून दिला. काकांनी दोन स्क्रू फिरवले, किरण फुग्यावरून सपाट जागी उतरला. तीन पस्तीसला रेघ घसरगुंडीवरून सुटल्यासारखी धाडकन खाली आली. मुलीनं काकांना मिठी मारली, काकांनी एसीला मारली.

"मी म्हणतच होतो," सर हात चोळत म्हणाले, "जागा बदलून बघा!"

बाबांनी चष्मा काढला, घडी करून ठेवला आणि ते तडक घरी निघाले.

तीन सत्तावन्नला फोन खणखणला. सरांनी उचलला, पण आवाज खोलीभर ऐकू आला.

"मी तिची आई बोलतेय! आमचे हे घरी आल्यापासून फ्रिजचं दार आपटताहेत! शोध लावायचा ह्यांनी आणि 'म्हणतच होतो' म्हणायचं दुसऱ्यांनी? आणि हे मला ऐकवताहेत. मी काय केलंय?"

"वहिनी, माझं जरा..."

"जरा नाही! पुरतं ऐकून घ्या!"

सरांनी पुरतं ऐकलं. फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लालभडक झाले होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं काकांकडे पाहिलं. काकांनी पाना पाठीमागे लपवला.

एवढ्यात चारचा ठोका पडला. दार उघडून शेजारच्या गटाचे प्रमुख हसतमुखानं आत आले. "काय मंडळी, झालं का? आमचा लेझर द्या बघू."

सर सावकाश त्यांच्याकडे वळले.

मुलीनं आलेख जपून ठेवला, डबा उघडला आणि काकांच्या पुढे सरकवला. खोली आता छान गार झाली होती.