सरासरीच्या काळजीत गावसबाई

आमच्या गावसबाईंना आनंदाची बातमी सांगायची सोय नव्हती. मला मुलगी झाली तेव्हा पेढा हातात घेत त्यांनी पहिलं विचारलं, "वजन कितें?"

"अठ्ठावीसशे ग्रॅम."

बाईंनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि हळहळल्या, "वजा!"

पेडण्याच्या शाळेत त्या गणित शिकवत, मी मराठी. जवळच्या चोपडे गावाहून बसने येत, घरी एकट्याच. कुठलीही संख्या कानावर पडली की तिचे मूळ अवयव पाडायचे. मोजून ते सम निघाले तर अधिक एक, विषम निघाले तर वजा एक, ही त्या संख्येची खूण. बारा म्हणजे दोन, दोन आणि तीन, असे तीन अवयव, म्हणून बारा वजा. दोन संख्या गुणल्या की त्यांच्या खुणाही गुणायच्या. एकापासून पुढच्या सगळ्या खुणांची सरासरी काढत गेलं तर ती शून्याकडे सरकते म्हणे. किती वेगाने सरकते, त्याचा अंदाज बांधणं हा बाईंचा ध्यास.

"शून्याकडेच जाते ना? मग काळजी कसली?" मी एकदा विचारलं.

"आतां वता, मास्तर. पूण फुडें?"

लाखापर्यंत नीट वागलेल्या खुणा कोटीत गेल्यावर बिघडल्या तर? वयात आलेला मुलगा परगावी धाडावा, तशी ही धास्ती. शिपायाचा ताप उतरला तरी बाई म्हणायच्या, "पूण फुडें?"

एका वर्षी त्यांनी आपल्या अंदाजाची तेवीस पानांची सिद्धता लिहून दूरच्या एका प्राध्यापकांना टपालाने पाठवली. दुसऱ्याच दिवसापासून त्यांना वाटू लागलं, मधली एक पायरी डळमळीत आहे. मग पोस्टमनची सायकल फाटकात दिसली की बाई प्रयोगशाळेत. उंदीर आला की मुली बाकावर चढतात, तेवढ्याच चपळाईने.

चार महिन्यांनी पाकीट आलं. ते न फोडता पर्समध्ये घेऊन त्या चार दिवस शाळा-चोपडे करत राहिल्या. वर्गात खडूऐवजी पेनने फळ्यावर लिहू लागल्या. शनिवारी पाकीट माझ्या टेबलावर आलं.

"मास्तर, तुमीच फोडा. माका भंय दिसता."

पत्र इंग्रजीत. गणित मला कळेना, पण 'हे चुकीचं आहे' एवढं कळलं. मी घसा खाकरला.

"प्रयत्न चांगला आहे म्हणतात."

"चूक खंयच्या पानार?"

खोटं बोलणं जमलं नाही. "सतराव्या. वरून चौथी ओळ. तिथला अंदाज मोठ्या संख्यांना लागू पडत नाही, असं लिहिलंय."

बाई खुर्चीत बसल्या. मी पाण्याचा तांब्या शोधू लागलो.

"सतराव्या?" त्यांनी विचारलं. "म्हणजे सोळा पानां वाचलीं?"

"वाचली असणार. बाराव्यावर एक स्पेलिंगही दुरुस्त केलंय."

"ह्याच्या आदीं तिघांक धाडलेलें, मास्तर. पावलें म्हणूनय कोणें कळोवंक ना."

घंटा झाली. पुढचा तास त्यांचाच होता आणि नोकरीत त्यांना कधी उशीर झाला नव्हता. बाई उठल्या नाहीत. पदराने चष्मा पुसला, खुर्ची माझ्या टेबलाकडे ओढली.

"वयल्यान वाचा," पत्राच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवत त्या म्हणाल्या. "म्हजें नांव घातलां, थंयच्यान."