ठकू रंगारणीने न्यायशाळेचा दरवाजा ठोठाविला ते वर्तमान

वाग्देवतेस एक दंडवत, आणि मोजल्यावाचून आकडा न सांगणारास दोन. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, ज्येष्ठमासी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यास ओळखू येईल त्याने आपले तोंड आपण लपवावे. त्या राज्यात एक न्यायशाळा होती. तेथे शिकून निघेल त्यासच दरबारात उभे राहोन दुसऱ्याची बाजू मांडण्याचा अधिकार, बाकी रयतेने हात जोडून मागे उभे राहावे आणि काय निकाल होतो तो ऐकावा. आणि शाळेचा दंडक ऐसा, की दरवाजा जन्मात एकदाच ठोठावावा. नापसंत ठरला त्यास पुन्हा दरवाजा नाही. सबब लोक भिऊन आधी अजमासनवीसाकडे जात. हा सरकारी असामी, नाव त्रिंबकपंत, काम इतकेच की आल्या माणसाची पेठ आणि कूळ पुसावे, डोळे मिटावे, आणि आत जाण्याचा संभव शेकडा किती तो आकडा सांगावा. मातबरांच्या मुलांस नव्वद सांगत, मग ते छाती काढून जात आणि आत बसत. गरिबास पाच सांगत, मग तो घरी जाई. आणि दोन्ही आकडे खरे ठरले म्हणोन दरबार पंतांस शालजोडी देई. दरबारास यात काही खटकले नाही. दरबारास काय खटकते ते सर्वांस ठाऊक आहे.

ऐसियास रंगारी पेठेत ठकू म्हणोन एक मुलगी होती, नीळ कालवून हात कोपरापर्यंत निळे. मागील साली रंगाऱ्यांचा नदीकाठचा घाट दरबाराने काढून एका सरदाराच्या बागेस दिला. पेठेने वकील लाविला, तो उभा राहिला, "मजकूर समजला," इतके बोलोन खाली बसला, आणि घाट गेला. ठकू मागे हात जोडून उभी होती, काय बोलावे ते तिच्या जिभेवर होते, आणि बोलण्याची परवानगी नव्हती. ते दिवसापासून तिने मिळतील तेथून न्यायाच्या पोथ्या आणिल्या आणि नीळ घोटता घोटता पाठ केल्या. मग ज्येष्ठ अमावास्या आली. सूर्य मावळता शाळेचा दरवाजा सालभर बंद व्हावयाचा, म्हणोन आई सगुणाबाई लेकीस तिसरे प्रहरी पंतांकडे घेऊन गेली.

पंतांनी हात पाहिले, डोळेही मिटले नाहीत, आणि बोलिले, "शेकडा तीन." आई लागलीच उठली आणि म्हणाली, "ऐकलेस ना ठके? ऊठ. तीन म्हणजे नाहीच." ठकू उठली नाही. तिने पुसिले, "पंत, तीन कशावरून?"

"मागील सालांवरून."

"मागील सालांत आमचे पेठेतून कोणी दरवाजा ठोठाविला?"

पंतांनी पगडीखाली बोट घालून खाजविले. "कोणीच नाही."

"का नाही?"

"मीच सांगितले, जाऊ नका म्हणोन."

"मग कोणी गेलेच नाही त्यातून तीन कसे निघाले?"

"अगे, शून्य सांगितले तर माणसे रडत बसतात," पंत चिडून बोलिले, "तीन सांगितले म्हणजे नमस्कार करून जातात. चल, नमस्कार कर आणि जा."

आईने दंड धरून बाहेर आणिले आणि म्हणाली, "हुज्जत पुरे. जन्मात एकदाच आहे, बये. पुढल्या साली जा, आणखी वाच." ठकू म्हणाली, "पुढल्या साली हे तीनच सांगतील." तीन हा आकडा खोटा इतके कळले होते. खरा कोणता ते कोणास ठाऊक होते? कदाचित एक असेल. ऊन भिंतीवर चढत चालले, आणि ती आईचा हात सोडवून निघाली आणि दरवाजा ठोठाविला.

आत मुख्य शास्त्री बसिले होते. त्यांचा पहिला सवाल रिवाजाने एकच, "अजमास किती?" पन्नासाखाली असेल त्यास पुढे काही न पुसता वाटेस लावीत. नव्वद म्हणावे तर सूर्य मावळण्याआत शहानिशा कोण करितो, हे ठकूच्या मनात आले. मग ती म्हणाली, "तीन. परंतु महाराज, हा आकडा आपण माझ्याविरुद्ध पुरावा म्हणोन घेता?"

"घेतो."

"ज्याने पाहिले नाही, मोजले नाही, त्याची साक्ष या शाळेत कोणत्या पोथीने ग्राह्य आहे?"

शास्त्र्यांनी दाराकडे पाहिले. पंत मजा पाहण्यास मागोमाग आलेच होते, त्यांस पुढे बोलाविले. शास्त्री बोलिले, "पंत, मोजले होते?"

"रिवाज आहे, महाराज."

"मोजले होते?"

"नाही."

मग परीक्षा घेणे भाग पडले. वारसा पुसिला, गहाण पुसिले, सीमेचा तंटा पुसिला, आणि ठकू सांगत गेली. एके ठिकाणी अडली आणि "ठाऊक नाही," म्हणाली. शास्त्री म्हणाले, "ये जागी ऐसे कोणी बोलत नाही. थापा मारितात." बाहेर आईने पदराचा बोळा तोंडात धरिला होता. शेवटी शास्त्री जागा करून सरकले आणि म्हणाले, "बैस."

दुसरे दिवशी पंतांनी हिशेब केला. रंगारी पेठेतून एक गेली, एक बसली. सबब दवंडी पिटविली, "रंगारी पेठ, शेकडा शंभर." ते ऐकोन मातबरांनी आपले चिरंजीव पेठेत भाड्याच्या घरांत आणून ठेविले. सगुणाबाईने लेकीस पुसिले, "ठके, शंभर म्हणतात, हे तरी खरे का?"

"हेही खोटेच."

"मग तुझ्या धाकट्या बहिणीने जावे की नाही?"

"जावे."

येणेप्रमाणे घडले. पंत आपले जागी आहेत, आकडे सांगत आहेत, आणि दरबार मान डोलवीत आहे. रंगारी पेठेतून मात्र त्यांजकडे पुसावयास कोणी जात नाही.